पूर्वा फाल्गुनीजवळचे दोन पुसट डाग

“दिसलं तेवढंच सांगा, माहीत आहे ते घरी ठेवून या,” असं जयतीर्थ एकदा एका इंजिनिअरला म्हणाले होते. तो मृगातल्या तेजोमेघाला डोळा लावून गुलाबी आणि जांभळ्या रंगांचं वर्णन करत होता. डोळ्याला त्या तेजोमेघात रंग दिसत नाहीत. राखाडी धूर दिसतो, फार तर हिरवट झाक. गुलाबी त्याने फोटोत पाहिलं होतं, आणि तो फोटो डोळ्यांत घेऊनच तो जिना चढून आला होता.

जिना हेब्बाळच्या तळ्यामागच्या एका शाळेचा. अमावास्येच्या आसपासच्या रविवारी, अंधार पडला की शाळेच्या गच्चीवर हौशी लोकांची एक दुर्बीण मांडली जाई. बंगळुरात आकाश आता इमारतींमध्ये उरलेल्या जागेत असतं, आणि तेही खालच्या दिव्यांनी विटलेलं. तळ्याच्या बाजूला मात्र अजून थोडा काळोख होता. इलेक्ट्रॉनिक सिटीतून, कोरमंगलातून माणसं अख्खं शहर ओलांडून त्या काळोखासाठी येत.

जयतीर्थांना सगळे अण्णा म्हणत. त्यांचं घराणं तीन-साडेतीनशे वर्षांपूर्वी कधीतरी मराठी फौजेच्या मागोमाग इथे आलं, आणि मग परत जायचं राहून गेलं. घरात मराठी, दारात कन्नड. विमा कचेरीतली नोकरी संपल्यावर त्यांनी ही गच्ची धरली. त्याआधीही ते येत, पण तेव्हा रांगेत उभे राहत. निवृत्तीनंतर ते दुर्बिणीजवळ उभे राहू लागले, आणि ती त्यांची जागा झाली.

त्यांची एक पद्धत होती. रांगेतल्या माणसाला काय दाखवतोय हे ते आधी सांगत नसत. फोन एका पुठ्ठ्याच्या खोक्यात जमा. डोक्यावर काळं कापड. मग विचारायचं, काय दिसलं? लोक बुचकळ्यात पडत. काहीजण रागावतही.

“अण्णा, निदान नाव तरी सांगा.”

“नाव सांगितलं की तुम्ही नाव बघणार. बघा की आधी. सरळ बघू नका, स्वल्प बाजूला बघा. मग ते येतं.”

ते खरंच येतं. डोळ्याचा मधला भाग उजेडासाठी असतो. अंधुक वस्तू कडेच्या नजरेला आधी कळते. टक लावली की ती विरून जाते, लक्ष काढून घेतलं की परत येऊन बसते. पहिल्यांदा हे घडलं की माणसं कापडाखाली हसत. ते हसू ऐकायला जयतीर्थांना आवडे.

रांग संपली की टाकीच्या कठड्यावर बसून ते नाव सांगत, आणि मग जुन्या माणसांच्या गोष्टी. “त्यांचं बरं होतं. त्यांना काही माहीत नव्हतं.” हजार वर्षांपूर्वी एका इराणी माणसाने देवयानीतल्या पुसट डागाची नोंद ‘लहानसा ढग’ एवढीच केली. दिसला तेवढा. मग गॅलिलिओने पुष्यातल्या धुरकट ठिपक्यावर आपली नळी रोखली आणि त्या धुराचे सुटे तारे झाले. तेव्हापासून लोकांना वाटू लागलं की सगळे धूर असेच फुटतील; मोठी दुर्बीण मिळाली की झालं. मोठमोठ्या दुर्बिणी बनवणारा हर्शेलही वर्षानुवर्षं तेच धरून बसला होता. त्याची बहीण शेजारी बसून नोंदी घेई, स्वतःही शोधी. मग एके रात्री त्याला एक एकटा तारा दिसला, भोवती गोल धुकं, आणि ते धुकं काही केल्या फुटेना. त्याने लिहून टाकलं की आपलं चुकलं होतं. काही धुकी धुकीच असतात. त्यातले काही डाग म्हणजे आपल्या आकाशगंगेबाहेरच्या दुसऱ्या आकाशगंगा, हे पक्कं कळायला तर आणखी सव्वाशेहून जास्त वर्षं जायची होती.

“पन्नाशी उलटल्यावर मत बदललं त्या माणसानं,” जयतीर्थ सांगत.

“आमच्या घरात असा कोणी झाला नाही,” कॉफीचे पेले भरता भरता अहल्याबाई म्हणत. त्या त्यांच्या पत्नी.

गच्चीवर नियम एकच होता, आणि तो त्यांनीच घातलेला. दुर्बीण लावणाऱ्याने आधी स्वतः बघायचं, वस्तू दिसली की मगच बाजूला व्हायचं. तनय नावाच्या नागपूरच्या मुलाने एकदा फोनवरच्या नकाशावरून दुर्बीण लावली आणि स्वतः न बघता रांग सोडली. वस्तू जागेवर होती. तरीही जयतीर्थांनी त्याला त्या अख्ख्या हिवाळ्यात नळीला हात लावू दिला नाही. तनय अजून त्याची थट्टा करे. पण येणं त्याने सोडलं नाही.

गेल्या पावसाळ्यात जयतीर्थांचा हात जेवताना पाण्याच्या भांड्याला लागून भांडं लवंडू लागलं. एकदा झालं, दोनदा झालं. मग गल्लीत उभ्या स्कूटरवर ते आदळले. स्कूटर रोजचीच, रोजच्याच जागी. डॉक्टरीणबाईंनी तपासून सांगितलं, काचबिंदू. थेंबांनी आहे ते टिकेल, गेलेलं परत येणार नाही.

“पण मी पेपर वाचतो की. सुईत दोरा ओवतो.”

“मधलं शेवटपर्यंत राहतं,” बाई म्हणाल्या. “आधी कडा जातात.”

त्यांनी हे अहल्याबाईंना सांगितलं आणि दुसऱ्या कोणाला नाही. गच्चीवर कळायचं कारण नव्हतं. मृगातला तेजोमेघ ठसठशीत असतो, तो त्यांना मधल्या नजरेनेही दिसे. अंधुक वस्तूंचं वेगळं होतं. तिथे हातांना सवय होती. कुठल्या ताऱ्यापासून किती सरकवायचं हे मनगटाला ठाऊक होतं. ते डोळा लावत, थोडं थांबत, बाजूला होत. त्यांना काय दिसलं हे कोणी विचारत नसे. विचारणारे ते होते.

“नऊ महिने झाले,” अहल्याबाई म्हणाल्या. चैत्र सरत आला होता. “रस्ता ओलांडताना माझा दंड धरता आणि तिथे जाऊन लोकांना आकाश दाखवता. त्या तनयला काय काय बोलला होतात, आठवतं का?”

“आठवतं.”

“मग?”

“या रविवारी सिंह राशीतली जोडी लावतो. ती झाली की सगळ्यांसमोर सांगतो. मुग्धाच्या हातात देतो आणि रांगेत उभा राहतो.”

“सांगणार काय?”

त्यांनी वाक्यं तयार केली होती. ती त्यांनी अहल्याबाईंना म्हणून दाखवली. अहल्याबाईंनी मान हलवली. “सरी, ठीक आहे. एवढंच बोला. मध्ये गॅलिलिओ आणू नका.”

मुग्धा पुण्याची, इलेक्ट्रॉनिक सिटीत नोकरीला. दोन वर्षं ती त्यांच्याकडे शिकत होती. तिला सिंहेतल्या जोडीची गोष्ट पाठ होती, कारण जयतीर्थांची ती सगळ्यात लाडकी गोष्ट होती. पूर्वा फाल्गुनी म्हणजे सिंहेच्या मागच्या अंगाचे दोन तारे. त्यातल्या दक्षिणेच्या ताऱ्यावरून थोडं आणखी दक्षिणेला गेलं की दोन पुसट डाग शेजारीशेजारी असतात. दोन्ही आकाशगंगा. अडीचशे वर्षांपूर्वी पॅरिसमधला मेसिए एका धूमकेतूचा पाठलाग करत होता, आणि तो धूमकेतू नेमका या दोघींच्या मधून गेला. मेसिए दुर्बिणीला डोळा लावून होता. त्या चौकटीत दोन आकाशगंगा होत्या. त्याने धूमकेतू पाहिला. त्या दोघी त्याच्या यादीत आल्या त्यानंतर सहा-सात वर्षांनी. “धूमकेतूचा उजेड फार होता,” जयतीर्थ सांगत. “आणि त्याला धूमकेतूच हवा होता.”

रविवारी आकाश बरं होतं. तळ्याच्या बाजूची वीज गेली होती, त्यामुळे आणखी बरं. आठ वाजून गेले तेव्हा सिंह रास पूर्वेकडून चांगलीच वर आली होती. रांगेत पंचवीसेक माणसं. मुग्धा म्हणाली, “अण्णा, मी लावू का आज?”

“आज मी लावतो. पुढे तूच आहेस.”

जयतीर्थांनी दुर्बिणीवरच्या छोट्या शोधक नळीतून पाहिलं. पूर्वी त्यांना पूर्वा फाल्गुनीचे दोन्ही तारे एका नजरेत सापडत, आणि मग उत्तरेचा सोडून दक्षिणेचा धरायचा हे आपोआप होई. आता एक दिसला की दुसरा कडेच्या काळोखात बुडे. एक तारा सापडला. तो त्यांनी धरला. मनगटाने नेहमीचं अंतर सरकवलं. मग ते कापडाखाली गेले, थोडं थांबले, आणि बाजूला झाले.

तारा उत्तरेचा होता. त्याच्या दक्षिणेला तेवढ्या अंतरावर दाखवण्यासारखं काही नाही.

रांग पुढे सरकू लागली. पहिला कोरमंगलाच्या पीजीत राहणारा एक मुलगा.

“काय दिसलं?”

“सर, फेंट आहे… पण हो. दोन आहेत ना? दोन पॅचेस.”

गटाच्या फोनवरच्या निरोपात कोणीतरी ‘सिंहेतली जोडी’ असं लिहून टाकलं होतं. जयतीर्थांना ते माहीत नव्हतं.

“आकार?”

“लांबट.”

त्याच्या मागच्या मुलीलाही दोन दिसले. एका गृहस्थांना दोन दिसले आणि त्यातला एक तर फिरताना दिसला. जयतीर्थ एकेकाला शांतपणे विचारत गेले. त्यांचा चेहरा सैल झाला होता. आपल्याला दिसली नाही तरी जोडी तिथे आहे, लोक सांगताहेत, असं त्यांनी धरलं. नऊ महिने ते असंच धरत आले होते.

मग वासंतीबाई आल्या. तनयच्या आई, नागपूरहून महिनाभरासाठी आलेल्या. साठीच्या, गुडघे दुखणाऱ्या. त्यांना स्टूल दिलं. त्या कापडाखाली गेल्या आणि बराच वेळ बाहेर आल्या नाहीत.

“काय दिसलं, अक्का?”

“काही नाही हो.”

“स्वल्प बाजूला बघा.”

“बाजूला पाहिलं, खाली पाहिलं. तीन-चार बारके तारे हायेत. बाकी काळं.”

“आई, डोळा नीट लाव,” मागून तनय म्हणाला.

“लावला आहे नं बाप्पा! माझं मोतीबिंदूचं आत्ताच झालं, दोन्ही डोळे नवेकोरे आहेत.” त्यांनी कापडातून डोकं बाहेर काढलं. “सगळ्यांना दोन दोन दिसून राहिले, मलाच कसं काही नाही? तुम्हीच पाहा बरं एकदा भाऊ, अन् सांगा.”

कोणी असं विचारल्याचं त्या गच्चीवर कोणाला आठवत नव्हतं.

जयतीर्थ वाकले. कापडाखाली त्यांनी आधी सरळ पाहिलं, मग बाजूला. काळोख होता. त्यांच्या कडेचा काळोख आणि आकाशाचा काळोख यांच्यामध्ये रेघ नव्हती. जोडी तिथे असेल आणि त्यांना दिसत नसेल. किंवा जोडी तिथे नसेल, आणि न दिसणं बरोबर असेल. एक काळोख दुसऱ्यापासून वेगळा काढायला जी नजर लागते, तीच गेली होती. ते खूप वेळ तसेच वाकून राहिले. मग उभे राहिले आणि म्हणाले, “मुग्धा, बघ.”

मुग्धाने पाहिलं. लगेच शोधक नळीतून पाहिलं. कोणता तारा धरला गेलाय हे तिला तेव्हाच कळलं असणार, कारण ती क्षणभर हलली नाही. मग तिने नळी एका हाताने हळूच दक्षिणेला नेली, परत डोळा लावला, आणि वासंतीबाईंना म्हणाली, “आता बघा काकू.”

काही वेळ गेला.

“हां,” कापडाखालून आवाज आला. “आता आहे. विभूतीची दोन बोटं ओढावी तसं. शेजारीशेजारी.”

“दोन्ही सारखी?” जयतीर्थांनी विचारलं.

“नाही. एक बोट जास्त दाबलेलं.”

“कडा?”

“कडा नाहीतच. पुसत पुसत जाते. संपते कुठे ते समजत नाही.” त्या थांबल्या. “मधेच जाते अन् मधेच येते. नजर काढली की येते.”

जयतीर्थ डोळे मिटून ऐकत होते. त्या जोडीचं असं वर्णन त्यांनी इतक्या वर्षांत कोणाकडून ऐकलं नव्हतं.

“वाऱ्याने हलली असेल दुर्बीण, अण्णा,” मुग्धा म्हणाली. जरा मोठ्याने, सगळ्यांना ऐकू जाईल असं.

“वारा?” तनय म्हणाला. “पान हलत नाहीये!”

दोघंतिघं हसले. मग हसू थांबलं. पीजीतला मुलगा खाली मान घालून उभा होता. ज्या गृहस्थांना एक डाग फिरताना दिसला होता, ते रांगेच्या शेवटी जाऊन परत उभे राहिले. त्यांच्यामागे आणखी एकजण गेला. मुग्धाने जयतीर्थांकडे पाहिलं, आणि वारा म्हणाल्याचं तिला वाईट वाटलं हे काळोखातही कळत होतं.

सगळे त्यांच्याकडे बघत होते. तयार केलेली वाक्यं बोलायला यापेक्षा बरी वेळ मिळाली नसती. जयतीर्थांनी तोंड उघडलंही. पण त्या वाक्यांत जे सांगायचं होतं ते गच्चीवर आता सगळ्यांना दिसून गेलं होतं, आणि दिसलेल्या गोष्टीचं नाव सांगायला ते रांग संपेपर्यंत थांबणारे होते. रांग तर नव्याने लागत होती. वासंतीबाई स्टुलावरून उठायला तयार नव्हत्या. “थांबा थोडं,” त्या मागच्यांना सांगत होत्या, “आत्ता कुठे नीट येऊन राहिलं.”

जयतीर्थांनी नळीवरचा हात काढला. मुग्धा पुढे झाली आणि त्यांच्या जागी उभी राहिली, कारण दुर्बीण आकाशाबरोबर सरकवत राहावी लागते, नाहीतर वस्तू निघून जाते. त्यांनी चपला पायाने चाचपून शोधल्या. जिन्याशी येऊन कठडा धरला. मागे कोणीतरी विचारत होतं, काय दिसलं, आणि कोणीतरी सांगत होतं, अजून काही नाही. एकेक पायरी पायाने बघत ते खाली उतरले, आणि फाटकाबाहेर पडले.