मांडीवर रेडकू, मागं म्हैस

माझं माहेर आळेफाट्याचं. तिथं पाणी म्हणजे हॉटेलच्या दारातलं पिंप, नाहीतर गॅरेजसमोरचं ऑइलचा तवंग आलेलं डबकं. नाशिककडची गाडी कोणती आणि नगरकडची कोणती हे मी नुसत्या आवाजावरून सांगायचे, आणि त्याचा मला भलताच अभिमान होता. नव्वदच्या दशकात लग्न होऊन डिंभ्याच्या पाण्याकाठी आले, तेव्हा कळलं की या विद्येचा इथं काडीचा उपयोग नाही. इथं एसटी यायची ती तिच्या मनात आलं तर.

आमची वस्ती धरणाच्या फुगवट्याच्या अगदी काठाला. जुनं गाव पाण्यात गेलं तशी माणसं वर सरकली आणि उतारावर घरं बांधून राहिली. दारात उभं राहिलं की समोर पाणी, आणि पाण्यात वाळून कोळ झालेली आंब्याची झाडं. पहिल्याच सकाळी मी त्या झाडांकडं बघून म्हणाले, "एवढे काळे सदरे कुणी वाळत घातलेत?" ते पंख पसरून उन्हात बसलेले पाणकावळे होते. धाकट्या दिरांनी ही गोष्ट दुपारच्या आत वस्तीभर पोचवली. तेव्हापासून मी 'आळेफाटा' झाले. "ए आळेफाटा, चुलीवरचं दूध बघ," असं थेट सासूबाईसुद्धा म्हणायच्या.

पण त्या काठानं मला हळूहळू आपलंसं केलं. धुणं धुताना शेजारच्या दगडावर खंड्या बसायचा, त्याला माझी मुळीच भीती वाटायची नाही. पाण्यातली दिवड दिसली की 'साप!' म्हणून मी साबण टाकून पळायचे, आणि ती बिचारी उलट्या दिशेनं. होडीची भीती मात्र दोन वर्षं झाली तरी गेली नव्हती. दिरांची पत्र्याची होडी होती, मासे धरायला. तिला खालून पाणी यायचं आणि ते डालड्याच्या डब्यानं उपसायचं असतं, एवढं कळल्यावर मी तिच्यात न बसण्याचा निश्चय केला होता.

घरातली दुसरी भीती म्हणजे आत्याबाईंची म्हैस. सासूबाईंना मी आत्याबाई म्हणायचे. जुनं गाव सोडताना घर राहिलं, विहीर राहिली, दारातलं चिंचेचं झाड राहिलं. गोठ्यातली एक म्हैस तेवढी त्यांनी स्वतः हाताला धरून वर आणली. ही तिची लेक. ती म्हातारी म्हैस पुढं मेली, तेव्हापासून आत्याबाई म्हणायच्या, "जुन्या गावचं जितं म्हनावं असं येवढंच राह्यलंय." त्यामुळं हिच्यावर त्यांचा जीव. म्हशीचाही त्यांच्यावर. पेंड घालायला मी जायचे म्हणून मला ती चालवून घ्यायची, बाकी कुणी जवळ गेलं की शिंगं खाली.

उन्हाळ्यात पाणी उतरलं की समोरची टेकडी उघडी पडायची आणि वस्तीपासून तिच्यापर्यंत एक चिंचोळी वाट तयार व्हायची. टेकडीवर कोवळं गवत. सकाळी जनावरं तिकडं हाकायची, दिवस कलायच्या आत ती आपल्या पायानं परत यायची. पावसाळा लागला की पाणी चढणार आणि धरण भरलं की टेकडी पुरती बुडणार, हे सगळ्यांना ठाऊक. म्हणून एक खूण ठरलेली होती. जुन्या देवळाचा ओटा काठाशी अजून दिसायचा. ओट्याला पाणी लागलं की जनावरं टेकडीवर न्यायची नाहीत. मामंजी, म्हणजे माझे सासरे, रोज न्याहारीआधी ओटा बघून यायचे आणि हवामान खात्याच्या थाटात जाहीर करायचे, "कोरडा हाय."

त्या आषाढातही तो कोरडा होता. फक्त एक गोष्ट कुणाच्याच ध्यानात आली नव्हती. त्या वर्षी सगळ्या वस्तीनं उन्हाळाभर बैलगाड्या लावून शेतात घालायला गाळ नेला होता, आणि नेला होता तो टेकडीच्या वाटेवरचाच खणून, कारण गाडी तिथं जवळ लागायची. वाट चांगली कमरेएवढी खाली गेली होती. ओटा होता तिथंच. म्हणजे ओटा कोरडा असतानाच वाट बुडणार होती. आम्ही बघत होतो ओटा.

वर आहुप्याच्या डोंगरात पाऊस झाला, आमच्याकडं नुसतं आभाळ. दुपारी बाकीची जनावरं पोटापर्यंत भिजून, नाकं फुरफुरवत परत आली. आमची गाभण म्हैस नाही आली. दिरांनी काठावरून बघितलं तर वाट गडप, आणि टेकडीवर म्हैस उभी. तिच्या पायाशी काळं काहीतरी हलत होतं.

"याली की काय ती?" मामंजी म्हणाले. "आजून आठ दिस व्हतं म्हनत व्हतीस ना?"

"तुमी ओटा बघा," आत्याबाई म्हणाल्या. त्यांचा चेहरा बघून मामंजी खरंच दुसरीकडं बघायला लागले.

म्हैस पोहते. पण रेडकू सोडून ती येणार नाही, आणि रेडकाला पोहता येत नाही. पाणी तर डोळ्यांदेखत टेकडीवर चढत होतं. अशा वेळी आमच्याकडं रेडकू होडीत घेतात, म्हैस मागं पोहत येते. वल्हवायला दीर. म्हशीपाशी जायला आत्याबाई. रेडकू धरायला कोण? नवरा मंचरला नोकरीवर, शनिवारी यायचा. मामंजींना म्हैस जवळ येऊ देत नसे. सगळ्यांच्या नजरा माझ्याकडं वळल्या.

"मला पोहता येत नाही," मी म्हणाले.

"रेडकालाबी न्हाई येत," दीर म्हणाले. "जोडी जमंल."

टेकडीवर आत्याबाईंनी म्हशीच्या गळ्यात हात टाकून तिला काय सांगितलं कोण जाणे, तिनं रेडकू उचलू दिलं. ते ओलं, गरम, थरथरणारं ओझं माझ्या मांडीवर आलं. होडी निघाली. म्हैस हंबरत पाण्यात उतरली. तिच्या पाठीवर एक बगळा उभा होता. पाणी त्याच्या पायांना लागेस्तोवर तो फुकटचा प्रवास करत राहिला, मग उडाला. रेडकू 'आँऽऽ' करायचं, म्हैस उत्तर द्यायची. सगळं बेतशीर चाललं होतं. मी मात्र होडीच्या तळातल्या पाण्याकडं बघत होते, आणि घाबरलेल्या माणसाला काहीतरी मायेचं करावंसं वाटतं, तसं मी रेडकाच्या तोंडात बोट दिलं. ते चुटूचुटू चोखायला लागलं. किती गोड, असं मला वाटलं.

अर्ध्या वाटेत म्हैस थांबली. तिनं कान टवकारले, आणि वळून टेकडीकडं निघाली.

आत्याबाईंनी हाकांवर हाका मारल्या. म्हैस ऐकेना. "अगं, रेडकू गप का?" म्हणून त्यांनी वळून बघितलं. "बोट काढ, बया! तिला वाटलं ते तिकडंच राह्यलं!"

मी बोट काढलं. रेडकानं आवाज काढायचा सोडून माझा पदर तोंडात घेतला. तो ओढून काढला, तर ते माझं कोपर चाटायला लागलं.

"मंग तू आरड!"

"मी?"

"मंग काय मी आरडू? माझा गळा बसला. तुझा कवळा हाय."

"काढा की आवाज, वैनी," दीर ओरडले. "टीव्हीवरची गानी म्हनताय नव्हं रोज!"

आत्याबाई त्या लांब जाणाऱ्या काळ्या डोक्याकडं बघत होत्या. एरवी मला दिवसातून दहा वेळा फैलावर घेणारी बाई आता माझाच दंड घट्ट धरून बसली होती. मी डोळे मिटले आणि आरडले. "आँऽऽ!" पहिला आवाज अगदीच ट्रकच्या हॉर्नसारखा निघाला. दुसरा बरा जमला. तिसऱ्याला काठावरच्या बायका खदाखदा हसल्या, आणि चौथ्याला लांबून पाण्यावरून उत्तर आलं. म्हैस वळली होती.

तिथून काठापर्यंत मी आरडतच होते. पदर ओला, केस सुटलेले, मांडीवर रेडकू, मागं म्हैस. होडीची भीती वाटायला वेळच मिळाला नाही.

काठाला लागल्यावर दिरांनी रेडकू चिखलात उभं केलं. ते पडलं, उठलं, परत पडलं. म्हैस नाकानं पाणी उडवत वर आली आणि त्याला चाटू लागली. ते धडपडत कासेला लागेपर्यंत आत्याबाई हलल्या नाहीत. मग मात्र मटकन चिखलातच बसल्या.

रेडकू चाटून झाल्यावर म्हैस माझ्याकडं वळली. माझ्या हाताला रेडकाचाच वास. ती किसणीसारखी जीभ मनगटापासून कोपरापर्यंत फिरली. दोन वर्षं मी त्या जनावरापासून हातभर लांब राहून पेंड घातली होती. तेव्हा मात्र हात मागं घ्यावासा वाटला नाही.

"चाटू दे," आत्याबाई खालून म्हणाल्या. "तुलाबी तिचीच समजतीया." आणि चिखलाचा हात पुढं करून म्हणाल्या, "उठीव मला, पोरी."

आळेफाटा नाही. पोरी. मी त्यांना उठवलं. दुसऱ्या दिवशी टेकडीच्या जागी नुसतं पाणी होतं. आमच्या गोठ्यात म्हैस होती, रेडकू होतं, आणि चुलीवर चिकाचा खरवस शिजत होता.