कोमट झऱ्यावरची हाक

कटरे मॅडमांची आणि माझी पहिली ओळख एका वासाने झाली. गोंदियातल्या आमच्या महाविद्यालयात भूशास्त्राच्या प्रयोगशाळेत मी दबकत शिरलो, तर त्यांनी एक बाटली उघडून माझ्या नाकाशी धरली. सडक्या अंड्यांचा वास आला. हे पाणी जमिनीच्या पोटातून आलं आहे, असं त्या हसून म्हणाल्या.

मॅडमांनी उमेदीची सगळी वर्षं उष्ण झऱ्यांना दिली. पावसाचं पाणी भेगांमधून खोल उतरतं, तापतं, वाटेत क्षार आणि वायू घेऊन वर येतं, हे त्या इतक्या शांतपणे शिकवत की वर्गाच्या फरशीखाली काही हलतं आहे असं वाटे.

नागझिऱ्याच्या जंगलालगत एका वस्तीजवळ खोल दगडी कुंड आहे. तळाशी कोमट झरा, कडेला मेलेली पाखरं. त्या वस्तीतल्या सगनबाईंचा तरुण मुलगा त्यात उतरला तो परतलाच नाही. त्या रोज सकाळी पायऱ्यांवर बसून त्याला हाक मारत आणि पाण्यातून बुडबुडे उठत. वस्तीतले लोक सांगत, बाई दिवसेंदिवस खालच्या पायरीवर सरकत आहेत.

आम्ही विद्यार्थी मॅडमांसोबत तिथे गेलो, तेव्हा त्यांनी पेटता कंदील दोरीने कुंडात खाली सोडला. अर्ध्यावर, वारा नसताना, ज्योत विझली. झऱ्यातून येणारा जड वायू तिथे साचत होता. त्याखाली श्वास घेण्याजोगी हवाच नव्हती.

मॅडम सगनबाईंना म्हणाल्या, "माय, तुम्ही हाक नाही मारली तरी बुडबुडे येतात."

सगनबाईंनी पाण्याकडे बघतच विचारलं, "मी हाक नाही मारली तरी येते ना? मंग तोच मले बोलावून राह्यला."

मॅडमांनी वाद घातला नाही. त्या सगनबाईंना हात धरून वर घेऊन आल्या आणि त्यांच्या शेजारी सगळ्यांत वरच्या पायरीवर बसल्या. "त्यानं बोलावलं तर इथूनच ओ द्या," एवढंच म्हणाल्या. थोड्या वेळाने पाणी खदखदलं. सगनबाईंनी वरूनच ओ दिली.

मग मॅडमांनी ग्रामपंचायतीच्या मागे लागून कुंडाला लोखंडी कठडा करून घेतला. तो होईपर्यंत दर रविवारी त्या जाऊन सगनबाईंजवळ बसत. सगनबाई पुढे पुष्कळ वर्षं जगल्या आणि आपल्या घरात, लेकीसुनांमध्ये गेल्या.

आजही नमुना घ्यायला गेलो की दोरीने बाटली सोडण्याआधी मॅडम क्षणभर थांबतात. मी एकदा कारण विचारलं. "ऐकते आहे," त्या म्हणाल्या.

मॅडम पंचाहत्तर वर्षांच्या होत आहेत. त्यांची प्रकृती अशीच ठणठणीत राहो, त्यांना अजून खूप आयुष्य लाभो. येत्या हिवाळ्यात आम्हाला त्यांच्यासोबत पुन्हा त्या कुंडावर जायचं आहे, आणि कठड्याच्या अलीकडेच उभं राहायचं आहे.