दोन बोटं वर

हे आईला माहीत नाही, नवऱ्याला नाही, ऑफिसात तर कुणालाच नाही. तुला सांगतेय. का, ते विचारू नकोस.

लोअर परळला, जुन्या गिरणीच्या आवारात आमचं ऑफिस. काम ऐकून हसशील. कोरियातले बेसबॉलचे सामने बघायचे, आणि पिचरच्या, म्हणजे चेंडू टाकणाऱ्याच्या, हातून चेंडू सुटला की चित्र थांबवून त्याच्या पंजावर ठिपका ठेवायचा. बस्स! लालबागहून करी रोडचा पूल ओलांडून मी चालत जायचे. तिकडे संध्याकाळचा खेळ सुरू व्हायचा तेव्हा आमच्याकडे भर दुपार असायची. पडदे ओढलेले, एसीची घरघर, आणि समोर स्क्रीनवर तो.

नाव नाही सांगत. पाच वर्षं त्याचा प्रत्येक चेंडू माझ्याकडे होता. टोपी काढून कपाळ पुसायचा, आभाळाकडे बघायचा, मग हात सावकाश वर... वेळच थांबायची. म्हणजे, मीच थांबवायचे ना! शेजारची वर्षा चिडवायची, "आला बघ तुझा माणूस." आवाजसुद्धा ऐकला नव्हता मी त्याचा. प्रेम म्हणायचं का याला? काय माहीत.

पाचव्या वर्षी चेंडू सोडताना त्याचा हात आधीपेक्षा खाली यायला लागला. दोनच बोटं. हात असा उतरला की खांदा आतून जात असतो, हे आम्हाला पहिल्याच आठवड्यात शिकवलेलं. आमचे ठिपके त्याच्या संघाकडे जायचे. ते बघून त्यांनी त्याला थांबवलं असतं, तपासलं असतं. पण चौतिशीतला पिचर एकदा बाहेर बसवला की परत येतो का? मग दुपारी मी कुणाला बघणार होते?

मी—मी ठिपका दोन बोटं वर ठेवला. त्याचा हात आधी असायचा तिथे.

एकदा नाही. अकरा सामने. सर म्हणाले, "तुझं काम एकदम चोख असतं हं," आणि मी चक्क खूश झाले. शरम वाटली नाही तेव्हा, हेही ऐकून ठेव.

बाराव्या सामन्यात चेंडू टाकला आणि तो खांदा धरून मातीत बसला. पुन्हा कधी खेळला नाही.

निवृत्तीच्या दिवशी तो पत्रकारांपुढे बोलला. वर्षाने मोबाइलवर लावलं. घोगरा, हळू आवाज. खाली इंग्रजी अक्षरं सरकत होती. कुणाला दोष देऊ नका, म्हणाला. आतलं दुखणं होतं, बाहेरून कुणाला दिसणं शक्यच नव्हतं.

मला दिसलं होतं. चित्र थांबवून थांबवून, मी ते रोज बघितलं होतं.