हासीबाईची शिशी

आधीच सांगते, असल्या गोष्टींवर माझा काडीचा विश्वास नव्हता. अंगात येतं म्हणणाऱ्या बायांना मी एरंडेल पाजायची धमकी द्यायची. नर्स होते ना... सगळ्यावर औषध असतं अशी खात्री. तरी हे लिहितेय. आता दमलेय, कोणी हसलं तर हसो.

फाळणीनंतरचं दुसरं वर्ष असावं. गोंदिया तेव्हा भंडारा जिल्ह्यात. सिंधहून आलेली कुटुंबं एका राइस मिलच्या रिकाम्या गोदामात गोणपाटांचे आडोसे करून राहायची. निम्मं गोदाम हिवतापाने कुडकुडत असे. आमचा दवाखाना जवळच होता, औषध फुकट. पण शिशी ज्याची त्याने आणायची असा नियम. अंगावरच्या कपड्यांनिशी आलेल्या माणसांनी शिशी आणायची कुठून? पितळी लोट्यात कुनैनचं मिक्श्चर चालत नसे. आमचे कंपाउंडर चिचगडकडचे. रोज खेकसायचे, "शिशी नाही त औषध का ओंजळीत देऊ?" मनाने वाईट नव्हते, बोलून बोलून तेही थकले होते.

हासीबाई त्या गोदामातली एक म्हातारी. मुलगा वाटेतच गेला, उरली ती एक सून – कमला. आणि तिचाच ताप उतरेना. हासीबाईजवळ शिशी होती, जाड हिरवट काचेची, पण भरलेली. सिंधू नदीचं पाणी! घर सोडताना तेवढंच घेतलं होतं.

"दुसऱ्या भांड्यात काढून ठेवा ना, अम्मा," मी म्हटलं.

"जूठे लोटे में दरिया नहीं रखते, बेटी."

तिने एकदा शेजारी कुडकुडत बसलेल्या कमलाकडे पाहिलं, आणि आमच्या अंगणातल्या कडुनिंबाच्या बुडाशी पाणी ओतून टाकलं. मग शिशीत औषध भरलं.

आठवड्याने पुढचं औषध न्यायला आली, तर शिशी पुन्हा पाण्याने भरलेली.

"अवं बाई, पानी भरून काऊन आनली?" कंपाउंडर ओरडले.

"मैंने नहीं भरा."

मला रागच आला. तळ्यावरून भरून आणलं असणार! तिने तेही कडुनिंबाला ओतलं. नेमकं त्या दिवशी कुनैन संपलेलं, दुसऱ्या दिवशी रेल्वेने यायचं होतं. म्हणून शिशी मीच ठेवून घेतली – गरम पाण्याने धुऊन, पुसून, विषारी औषधांच्या कपाटात. किल्ली माझ्या कमरेला.

सकाळी कपाट उघडलं... शिशी गळ्यापर्यंत भरलेली. गढूळ पाणी, तळाशी बारीक गाळ. आमच्या विहिरीचं पाणी नितळ, तळ्याचं हिरवं. असला गाळ मी कधी पाहिला नव्हता. डॉक्टरांना सांगितलं, तर म्हणाले, "सिस्टर, दोन दिवस रजा घ्या." रजा घेतली तर माझं काम करायचं कोणी?

हासीबाई आली. तिला नवल वाटलं नाही, आनंदही झाला नाही. कमला तिच्या खांद्याला टेकून तापाने फणफणत होती. म्हातारीने शिशी मांडीवर घेतली, तिच्यावरून हात फिरवत आपल्या भाषेत बराच वेळ बोलली. मग हिंदीत, मला कळावं म्हणून असेल – "बस. अब मत आ. इसमें दवा रखनी है."

आणि ओतून दिलं. मला रडू आवरेना.

त्यानंतर शिशीत पाणी आलं नाही. कमला हळूहळू बरी झाली.

काही वर्षांनी हासीबाई गेली, तेव्हा मी उशाशी होते. शेवटचं पाणी घालायचं म्हणून कमलाने तीच शिशी आणली, बूच काढून तळहातावर उलटी केली. थेंब नाही. वेडी पोर, रडत रडत झटकत राहिली. शेवटी मीच माठातलं पाणी चमच्याने पाजलं.

"कहाँ का है?"

"इथल्याच विहिरीचं, अम्मा."

"चलेगा," ती म्हणाली, आणि घोट गिळला.

कुलूपबंद कपाटात पाणी कसं आलं, याचं उत्तर माझ्याकडे आजही नाही. शोधायचंही आता सोडून दिलंय. राग मात्र अजून आहे... 'मत आ' म्हटलं म्हणून त्या पाण्याने इतकं ऐकायला नको होतं.