सासर नावाचा सर्व्हर

ऑफिसात माझ्या शेजारी बसतात ते सहकारी विंचूर गावचे. लॅपटॉपवरचं कोडचं फोल्डर सर्व्हरला जोडताना त्या सर्व्हरला एक नाव द्यावं लागतं. सगळे 'ओरिजिन' देतात, हे 'सासर' द्यायचे. मी एकदा विचारलंच.

"ओरिजिन म्हणजे मूळ ना? मूळ तर इथं माझ्याकडं हाय. जन्मलं इथं, चाललं तिकडं. मग ते सासरच की."

पाठवण्याआधी फाइली दोनदोनदा उघडून बघायचे, आणि एंटर दाबला की वळून न बघता चहाला जायचे.

यंदा त्यांच्या मुलीचं लग्न झालं. रजेवरून आल्यावर त्यांनी नवं फोल्डर जोडलं तेव्हा मी मुद्दाम डोकावले. सर्व्हरचं नाव 'ओरिजिन' होतं. एंटर दाबला, पण चहाला उठले नाहीत. सगळं पोचल्याचं दिसेपर्यंत स्क्रीनकडे बघत बसले.