सागिनचे दोन बाप

नारीनच्या किर्गिझ लोकांत सोयरीक ठरण्याआधी सगळे बुरुलचा नावाच्या एजेंकडे, म्हणजे मानाच्या ताईंकडे, येत. मुलामुलीच्या सात पिढ्यांत एकही बाप सामाईक नाही, असं या निवृत्त मास्तरीणबाईंनी सांगितलं, की मगच मुलीच्या कानात सोयरिकीचे डूल पडायचे. एजेंच्या संगणकात एकच लांबलचक फाईल होती. एका ओळीत एक माणूस आणि त्याचे सात बाप. ओळी अकरा हजार.

भाची ऐझात तीन वर्षं मागे लागली होती, "एजे, आता डेटाबेस करू या."

"नाव शोधायला चहा ओतण्याइतकाही वेळ लागत नाही. कशाला नसती उठाठेव?"

एके दिवशी एका मुलाचा बाप खिशात डूल घेऊनच आला. एजेंनी दोन्ही ओळी ताडून पाहिल्या. "खुशाल घाला," त्या म्हणाल्या. तो टोपी घालून निघाला, तेवढ्यात एजेंना मुलाच्या ओळीतलं सागिनचं नाव खटकलं. सागिन तर लहानपणी दुसऱ्या कुळात दत्तक गेलेला! गेल्या वर्षी हे कळल्यावर त्यांनी त्याचा खरा बाप लिहिला होता, पण फक्त सागिनच्याच ओळीत. त्याच्या वंशजांच्या त्रेसष्ट ओळींत मानलेला बापच राहिला होता. आणि खरा बाप मुलीच्या ओळीत पाचवा.

"थांबा हो! डूल खिशातच राहू द्या."

तो गेल्यावर त्यांनी ऐझातला बोलावलं. "कर तुझा डेटाबेस. प्रत्येक माणूस एकदाच लिही."

"फाईल जड झाली ना शेवटी?"

"जड कसली डोंबलाची! मी सागिनला दोन बाप दिले, आणि ही बया वर्षभर हूं की चूं न करता बसली."