कोपऱ्यातले थोरले

गणपा सिद्दी माझ्याशी पहिल्यांदा बोलला तो बनारसच्या दशाश्वमेध भाजीबाजारात. मी आईला म्हणत होतो, "दोडका नको." मागून आवाज आला, "घ्या की. चटणी करा सालीची."

उंच, काळाभोर, कुरळ्या केसांचा माणूस हसत होता. आई दचकली. मग तिनं त्याला घरी जेवायला बोलावलं.

तो कर्नाटकातल्या यल्लापूरच्या रानातला. पूर्वज आफ्रिकेतून गुलाम म्हणून आणलेले, पुढे रानात राहून रानाचेच झालेले. गणपा चांगला धावायचा. त्यावर रेल्वेत नोकरी लागली आणि तो बनारसला आला. त्याची मराठी कोकणी-कानडी मिसळलेली, आम्ही पिढ्यान्‌पिढ्या बनारसचे, आमची हिंदी मिसळलेली. मी साहित्यात एम.ए. होऊन रिकामा होतो. संध्याकाळी ब्रह्मा घाटावर बसायचो दोघं. तो मला मास्तर म्हणे.

"मास्तर, इथं सगळे विचारतात, कुठल्या देशाचा?"

"आईनंही विचारलं ना."

"तिनं आधी वाढलं."

त्याच्या खोलीच्या कोपऱ्यात गावाहून आणलेला एक नारळ होता. तो त्याला हिरियारू म्हणे. म्हणजे घरातली गेलेली थोर माणसं. चहा आधी त्यांना दाखवायचा. दिवसभरात काय झालं ते सांगायचा.

एका मंगळवारी खोलीत सोबत राहणाऱ्या कामगारानं तो नारळ हनुमानापुढे फोडला. सगळ्यांना प्रसाद वाटला. गणपालाही तुकडा दिला. गणपानं त्याचा हात मोडला.

मारहाणीचा खटला झाला. कोठडीत त्यानं जेवण सोडलं. झोप गेली. भिंतीकडे तोंड करून पुटपुटू लागला. मी भेटायला गेलो तेव्हा म्हणाला, "माझ्या आजीला खाल्लं रे त्यांनी."

 

कोर्टानं त्याला वेड्यांच्या डॉक्टरांकडे पाठवलं. मी सोबत गेलो. त्यांनी विचारलं, "शिक्षा कहाँ तक हुई है?"

"अभी कहाँ हुई? आप लोग देंगे," गणपा म्हणाला.

डॉक्टर काहीतरी लिहू लागले. मी घाईनं म्हणालो, "साहेब, मराठीत शिक्षा म्हणजे सज़ा, शिक्षण नव्हे." ते थांबले. हसले. लिहिलेलं खोडलं. "बैठिए. अब इनकी तरफ़ से आप ही बोलिए."

मी नारळाचं सांगितलं. ते म्हणाले, आजार आहेच, गोळ्या लागतील. पण परक्या लोकांत कोंडून ठेवला तर बरा होणार नाही.

मी त्याच्या गावी तार केली. त्याची बहीण नंदा आली. आता प्रश्न एवढाच होता की मॅजिस्ट्रेट त्याला बंद वॉर्डात पाठवतात की तिच्या स्वाधीन करतात.

"घर भेज दें, तो सँभालेगा कौन?" त्यांनी विचारलं.

"मी," नंदा म्हणाली. "गोळ्या देईन. नाही घेतल्या तर कानाखाली देईन. हे नको सांगू मास्तर."

मी तेही हिंदीत सांगितलं. कोर्टात हशा पिकला. गणपा हसला नाही.

"दिवाळीला सगळी वस्ती जमते," नंदा म्हणाली. " नवा नारळ बसवतो आम्ही. दमाम वाजवतो, आमचा ढोल. तिथं हा थोरल्यांशी बोलला तर कुणी वेडा म्हणणार नाही. आम्हीही बोलतो."

हात गळ्यात बांधलेला तो कामगार उठला. "साहब, हम तो समझे, नारियल है. मालूम होता तो छूते भी नहीं. जाने दीजिए इसको."

मॅजिस्ट्रेटनी गणपाला नंदाच्या हवाली केलं. तिकडच्या सरकारी डॉक्टरांना दाखवत राहायचं, या अटीवर.

मला हेच हवं होतं. त्यासाठी मी कितीदा कोर्टात चकरा मारल्या. स्टेशनवर मात्र वाटलं, कुणीतरी उठून म्हणावं, नको, राहू दे याला इथंच.

नंदानं त्याला खिडकीशी बसवलं. गाडी हलली तेव्हा त्यानं माझ्याकडे पाहिलं.

"येशील तिकडं?"

"येईन."

कधी, ते त्यानं विचारलं नाही. नंदानं भाकरीचा तुकडा त्याच्यापुढे धरला. त्यानं तो घेतला आणि चावत चावत बहिणीशी बोलू लागला. काय बोलला ते गाडीच्या आवाजात मला ऐकू आलं नाही.